कोपऱ्यातला पंख

अनंतपद्मनाभ सरांनी स्वतःचे फोटो दाखवणं कधीच सोडून दिलं होतं. दुसऱ्यांच्या फोटोंना नावं ठेवण्यात मात्र त्यांनी एकदाही खाडा केला नव्हता.

महिन्यातल्या एका रविवारी सकाळी सरस्वतीपुरममधल्या एका शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात पाखरांचे फोटो काढणारी मंडळी जमायची. कोणी बँकेतलं, कोणी रेल्वेच्या कारखान्यातलं, कोणी निवृत्त होऊन घरच्यांच्या पायात पायात येणारं. व्यसन एकच. उजाडलं की गळ्यात कॅमेरा अडकवून कुक्करहळ्ळीच्या तळ्यावर नाहीतर रंगनतिट्टूच्या अभयारण्यात होडीत जाऊन बसायचं आणि पाखरानं मान वळवायची वाट बघायची. रंगनतिट्टूला तर सगळे इतक्या वेळा जाऊन आले होते की चित्रबलाकाच्या फोटोंवर वर्षभर बंदी घालावी असा ठराव एकदा आला होता. तो एका मतानं पडला. ते मत दंतवैद्य चेलुवराज यांचं होतं, आणि पुढच्याच बैठकीला त्यांनी चित्रबलाकाचा फोटो आणला होता.

बैठकीचे नियम नागरत्नम्मांनी घालून दिलेले. त्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. नोकरीतून निवृत्त झाल्या तरी त्यांचा आवाज अजून झाला नव्हता. पडद्यावर फोटो येणार, पण कोणाचा ते सांगायचं नाही. जमलेल्या प्रत्येकानं त्यावर बोलायचं. ज्याचा फोटो त्यानंही बोलायचं, कारण तो एकटा गप्प राहिला तर नाव झाकून उपयोग काय? आधी एक तरी चांगली गोष्ट सांगायची, मग 'पण' म्हणायचं, आणि मग काय सुधारता येईल ते सांगायचं. सुरुवात वयानं मोठ्या माणसापासून. शेवटी हात वर करून मत. निम्म्याहून जास्त हात आले तर फोटो वार्षिक प्रदर्शनाला जाणार, आणि तेव्हाच नाव जाहीर. हात आले नाहीत तर तो कोणाचा होता हे कोणाला कळायचंही नाही.

वयानं सगळ्यात मोठे सर. त्यामुळे पहिलं 'पण' नेहमी त्यांचं.

आणि ते लोकांना आवडायचं. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांनी कधी ना कधी त्यांच्याच वर्गात प्रकाशाचं परावर्तन आणि वक्रीभवन शिकलेलं. सरांचं बोलणं ऐकायला मजा यायची, फोटो आपला नसेल तर जास्तच. एकदा कोणीतरी उडत्या बगळ्याचा फोटो आणला होता. सर म्हणाले, "आकाश फार सुंदर आलंय. पण मध्ये ते पाखरू आडवं आलं." डॉक्टर चेलुवराज पाखराला नेहमी चौकटीच्या बरोबर मधोमध बसवत. त्यांच्या फोटोवर सर म्हणायचे, "पिसांचा रंग अगदी खरा उतरलाय. पण याला तपासायच्या खुर्चीत कोणी बसवलं?" फोटो कोणाचा ते सांगायचं नव्हतं, पण वर्ग खदखदून हसायचा आणि डॉक्टर सगळ्यांत मोठ्यानं.

सरांनी स्वतःचे फोटो दाखवणं का थांबवलं, हे कोणी विचारलं की ते म्हणायचे, "दाखवण्यासारखं काही मिळालं नाही." ते खरं नव्हतं. सुरुवातीला, हा नाव झाकायचा नियम येण्याआधी, त्यांनी शिक्रा या छोट्या शिकारी पाखराचा एक फोटो आणला होता. खूप टाळ्या पडल्या. त्याच सकाळी एका नवख्या मुलानं जवळपास तसाच फोटो दाखवला आणि त्याच लोकांनी त्यातल्या चुका मोजून दाखवल्या. सर घरी गेले, दोन्ही फोटो मनात शेजारी ठेवून पाहिले, आणि त्यांना स्वच्छ कळलं की आपल्या वाट्याच्या टाळ्या पेन्शनसारख्या आहेत. त्या जुन्या नोकरीबद्दल मिळतात. आजच्या कामाशी त्यांचा संबंध नाही.

तेव्हापासून ते रोज तळ्यावर जायचे, फोटो काढायचे, घरी संगणकावर बघायचे आणि कोणाला दाखवायचे नाहीत. पण आपण चांगले फोटो काढतो की नुसतेच काढतो, हे एकट्यानं ठरवता येत नाही. मोजायच्या वस्तूनंच स्वतःला मोजायचं, असा तो प्रकार. शेवटी या वर्षी त्यांनी मनाशी एक हिशेब केला. निवृत्तीनंतर हौसेनं घेतलेली लांब, जड लेन्स विकत घ्यायला मंड्या गावचा एक जण तयार होता. रविवारी संध्याकाळपर्यंत कळवतो, असं सरांनी त्याला सांगितलं. रविवारी सकाळी बैठक होती. आपला एकच फोटो, नाव झाकून, त्या पडद्यावर लावायचा. लोकांना त्यात काही दिसलं तर लेन्स राहील. नाही दिसलं तर ती मंड्याला जाईल, आणि आपण इथे येऊन इतरांना नावं ठेवू. ते तरी आपल्याला नक्की जमतं.

सगळ्यांचे फोटो गोळा करायचं काम सिंचनाकडे होतं. ती विद्यापीठात प्राणिशास्त्रात संशोधन करत होती; बेडकांवर. सरांच्या शेवटच्या तुकडीतली. शुक्रवारी सर तिच्या प्रयोगशाळेच्या दारात उभे राहिले आणि खिशातून पेन ड्राइव्ह काढला.

"यात एक फोटो आहे."

"कोणाचा, सर?"

"एका माणसाचा."

सिंचनानं त्यांच्याकडे पाहिलं, पेन ड्राइव्हकडे पाहिलं. "त्या माणसाला सांगा, सर, आम्ही सगळे बरीच वर्षं वाट बघत होतो."

"त्या माणसाला असलं काही ऐकायचं नाहीये. म्हणून तर तो नाव सांगत नाही."

"बरं. पण त्या माणसाला नियम माहीत आहे ना? बोलावं लागेल. तेही सगळ्यांत आधी."

"मला माहीत आहे," सर म्हणाले, आणि मग घाईनं, "म्हणजे, त्याला."

रविवारी वर्ग भरलेला होता. खिडक्यांना काळे कागद लावून अंधार केला होता. मागच्या बाकावर नागरत्नम्मांनी आणलेल्या कुरकुरीत, तळलेल्या कोडबळ्यांचा डबा आणि कॉफीचा मोठा थर्मास. मध्यंतरापर्यंत त्याला हात लावायची कोणाची टाप नव्हती. डॉक्टर चेलुवराज आले नव्हते. कोणाचीतरी दाढ रविवार न बघता ठणकायला लागली होती.

पहिला फोटो कमळपक्ष्याचा. त्याला नेहमीसारखं गोड-तिखट मिळालं आणि तो पास झाला. मग सिंचनानं कळ दाबली आणि सरांचा फोटो पडद्यावर आला.

पाण्यातून वर आलेली एक वाळकी काटकी. तिच्यावर कवड्या खंड्या, काळापांढरा, छातीवर दोन काळे पट्टे, चोचीत मासा. मागचं पाणी पहाटेच्या धुक्यामुळे दुधासारखं. आणि उजव्या कडेला, अगदी कोपऱ्यात, एक धूसर पंख आणि चोचीचं टोक. बाकीचं पाखरू चौकटीच्या बाहेर.

तो कोपरा सरांचा जीव होता. त्या क्षणासाठी ते सबंध हिवाळाभर तळ्याच्या बांधावर उभे राहिले होते.

"सर," नागरत्नम्मा म्हणाल्या, "सुरुवात करा."

सरांनी घसा साफ केला. आवाज नेहमीसारखा काढायचा, एवढंच त्यांनी ठरवलं होतं. "डोळा लख्ख आलाय. डोळ्यातला प्रकाशाचा ठिपकासुद्धा दिसतो." ते थांबले. नेहमीपेक्षा मवाळ बोललो तर यांना सुगावा लागेल, असं त्यांच्या मनात आलं. "पण."

वर्गात लोक सावरून बसले.

"पण चौकटीत रिकामी जागा किती आहे ते बघा. यात आणखी दोन पाखरं भाड्यानं राहतील."

हशा पिकला. सरांना जरा बरं वाटलं, आणि तिथेच घात झाला. दाद मिळाली की गवय्याला पुढची तान घ्यावीशी वाटते.

"दुसरं. हे उजव्या कोपऱ्यात काय आहे? मला तर वाटतं, फोटो काढणाऱ्याचा अंगठा आलाय."

आता लोक बाकं बडवायला लागले. सिंचना एकटी हसली नाही. तिनं अतिशय गंभीर चेहऱ्यानं हात वर केला.

"सर, ज्यानं हा फोटो काढला, तो इथेच कुठेतरी बसलाय. त्याला तुम्ही काय सल्ला द्याल?"

"कात्री लाव म्हणावं. तो कोपरा छाटून टाक."

"आणि तो म्हणाला, की मी तो मुद्दाम ठेवलाय, तर?"

सरांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. ती निरागसपणे पापण्या मिचकावत होती. "तर त्याला सांग," ते म्हणाले, "की मुद्दाम केलेली चूक ही जास्त मोठी चूक असते. त्याला घाई झालेली दिसते."

घाई. हे शेवटचं बोलून झाल्यावर त्यांना स्वतःलाच कुठेतरी टोचलं.

मग बाकीचे बोलू लागले, आणि सर कान टवकारून ऐकू लागले. याच्यासाठीच तर ते आले होते.

नागरत्नम्मा म्हणाल्या, धुकं छान आहे, पण सर म्हणाले तसं, त्या कोपऱ्याकडे लक्ष जातं. बँकेतला यतीराज म्हणाला, सर म्हणाले तसं डोळा उत्तम, पण सर म्हणाले तसं जागा फार आणि तो अंगठाही आहे. त्याच्या शेजारच्यानं अंगठा नाही, करंगळी असावी, अशी दुरुस्ती सुचवली. मग कात्री उजवीकडून लावावी की दोन्हीकडून, यावर चर्चा झाली. रेल्वेतले गृहस्थ म्हणाले की घाई हा हल्लीच्या लोकांचा मोठाच दोष आहे. डिजिटल आल्यापासून कोणाला वाट बघायला नको.

सरांना एक जुनी गोष्ट आठवली. प्रयोगशाळेत पहिल्या टेबलावरच्या मुलानं भिंगाचं नाभीय अंतर चुकीचं काढलं, की शेवटच्या टेबलापर्यंत सगळ्यांचं उत्तर तेच यायचं, दशांश चिन्हासकट. ते अशी नक्कल एका नजरेत पकडायचे. मग म्हणायचे, अरे, तुम्ही प्रयोग वीस केले नाहीत, एकच केलात आणि वीस वेळा लिहिलात. आज पहिल्या टेबलावर ते स्वतः बसले होते. आणि आजच कशाला, दर महिन्याला. डॉक्टरांची खुर्ची, बगळ्याचं आकाश, ज्याची त्याची जी थट्टा केली, ती इथून मागच्या बाकापर्यंत अशीच उतरवून घेतली गेली असणार.

"हात वर करा," नागरत्नम्मा म्हणाल्या.

एकही हात वर गेला नाही.

"सर, तुमचा?" सिंचनानं हळूच विचारलं.

"माझा कशाला जाईल? एवढं बोलल्यावर?"

"नाही, सहज विचारलं. डोळा लख्ख आहे म्हणालात, म्हणून."

फोटो पडला. मध्यंतर झालं. खिडकीवरचा एक कागद कोणीतरी सोडवला, पण पडद्यावर खंड्या तसाच राहिला, फिकट होऊन. सर कोडबळं हातात धरून त्याच्याकडे बघत होते. मंड्याच्या माणसाला दुपारीच फोन करून टाकावा, संध्याकाळपर्यंत ताटकळत कशाला ठेवायचं, असा विचार त्यांच्या मनात चालला होता.

तेवढ्यात डॉक्टर चेलुवराज आले. आधी त्यांचा आवाज आला, मग पोट आणि मग ते.

"माफ करा हं, अम्मा. दाढ काढली. मुळं अशी होती की वाटलं, झाडच उपटतोय." त्यांनी डब्यातली दोन कोडबळी उचलली, पडद्याकडे वळले आणि थांबले. "अरे. हा कोणी काढला?"

"डॉक्टर, नियम," नागरत्नम्मा म्हणाल्या.

"बरं बरं. पण आला का हा प्रदर्शनाला?"

"पडला," यतीराज म्हणाला. "कोपऱ्यात अंगठा आलाय."

"अंगठा?" डॉक्टर पडद्याच्या इतके जवळ गेले की खंड्या त्यांच्या टकलावर उतरला. "हा अंगठा? यतीराज, अंगठ्याला चोच कधीपासून फुटायला लागली?"

"म्हणजे, सर म्हणाले."

"सरांनी चष्मा बदलावा. मी काय बोलू शकतो का, अम्मा? की मत झालं म्हणजे तोंड बंद?"

"बोला. तुमचं तोंड बंद करणं कोणाला जमलंय?"

डॉक्टरांनी कोडबळं खिशात ठेवलं. हे ते फक्त गंभीर प्रसंगी करायचे. "मी दिवसभर लोकांच्या तोंडात बघतो. त्यामुळे मला पहिल्यांदा तोंडच दिसतं. आता याच्या चोचीतला मासा बघा. डोकं कुठे आहे? बाहेर. शेपूट घशाकडे. हा असा गिळायला गेला तर खवले आणि पर उलटे घशात रुततील. पाखरू खायला मासा धरतं तो डोकं आत करून. मग यानं उलटा का धरलाय? सिंचना, तुझा विषय आहे, सांग."

"दोन पट्टे म्हणजे हा नर," सिंचना म्हणाली. तिचा चेहरा आता फुलला होता. "जोडीदारणीला भरवायचं असेल तेव्हा तो मासा असाच धरतो. तिला सरळ गिळता यावा म्हणून."

"झालं. म्हणजे यानं स्वतः न खाता तिच्यासाठी धरून ठेवलाय. आणि ती कुठाय? ती येतेय. या कोपऱ्यातून. तुम्ही सगळ्यांनी मिळून कात्री कोणाला लावलीत? जिचं जेवण आहे तिलाच."

ज्यानं करंगळी सुचवली होती, तो डब्याचं झाकण नीट बसतंय का ते बघायला लागला. सर जागच्या जागी बसून होते. हिवाळाभर बांधावर जे त्यांनी पाहिलं होतं, ते दुसऱ्या कोणालातरी दिसलं होतं, आणि तेही कोणी न सांगता.

"पण," डॉक्टर म्हणाले.

सरांनी दचकून वर पाहिलं.

"पण ज्यानं काढलाय तो भित्रा आहे. एकतर तिला पूर्ण आत घ्यायची, नाहीतर पूर्ण बाहेर ठेवायची. घरी पाहुणी आली आणि यानं दार नुसतं किलकिलं केलं. कॅमेरा जरा उजवीकडे फिरवला असता तर त्या डावीकडच्या रिकाम्या जागेचं ओझंही कमी झालं असतं. मग कोणी तिला अंगठा म्हणालं नसतं. लोकांची चूक आहे, पण थोडी याचीही आहे."

"लिहून घ्यायला हवं," सिंचना पुटपुटली.

"आणि दुसरं. हा फोटो वरून काढलाय. बघा, पाखराच्या मागे काठ नाही, झाडी नाही, नुसतं खालचं पाणी. म्हणजे हा बांधावरच्या वाटेवर उभा होता. खाली चिखलात उतरून बसला असता तर पाखरू आणि तो समोरासमोर आले असते. उतरला नाही. का? एकतर चिखलाची किळस, नाहीतर गुडघे." डॉक्टर रंगात आले होते. "माणूस उंच असावा. टापटिपीचा. घाईचा अजिबात नाही, कारण इतकं धुकं आणि इतका स्थिर हात असा एका सकाळीत मिळत नाही. बरेच महिने रोज जाणारा. वय झालेलं. आणि कोणासमोर खाली बसायची सवय नसलेला."

एवढं बोलून डॉक्टर खिशातलं कोडबळं काढायला लागले. त्यांना स्वतःला काही कळलं नव्हतं. पण यतीराजची मान हळूहळू वळली. मग रेल्वेतल्या गृहस्थांची. मग एक एक करून सगळा वर्ग पहिल्या बाकाकडे बघायला लागला.

"फेरमत मागता येतं," नागरत्नम्मा छताकडे बघत म्हणाल्या. "पण ते ज्याचा फोटो आहे त्यानंच उठून मागायचं असतं. कोणी मागतंय का?"

सर उठले. शांत वर्गात त्यांचे दोन्ही गुडघे एकापाठोपाठ वाजले.

डॉक्टरांचं कोडबळं हवेतच राहिलं.

"सर," यतीराज अत्यंत आदरानं म्हणाला, "म्हणजे अंगठा तुमचा होता?"

त्यानंतर वर्गात नुसता हशा उसळला. नागरत्नम्मा पदर तोंडाला लावून खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते. सिंचनानं लॅपटॉपमागे डोकं लपवलं होतं. सर उभेच होते, आणि हसू त्यांच्याही मिशीत शिरलं होतं, पण त्यांनी ते बाहेर पडू दिलं नाही.

"मुद्दाम केलेली चूक ही जास्त मोठी चूक असते," लॅपटॉपमागून आवाज आला. "असं आत्ताच एक मोठे गृहस्थ म्हणाले."

"तुझा प्रबंध माझ्याकडे तपासायला येणार नाही, हे तुझं नशीब," सर म्हणाले.

"चला, शिस्त," नागरत्नम्मा डोळे पुसत वळल्या. "फेरमत. ज्यांना हा फोटो प्रदर्शनाला जावा असं वाटतं, त्यांनी हात वर करा."

वर्गातले सगळे हात वर गेले. दोन दोन वर करणारेही होते. करंगळीवाल्यानं तर उभं राहून केला.

सरांनी त्या हातांकडे पाहिलं. मघाशीच जर हे हात आले असते, तर ते लेन्स उराशी धरून घरी गेले असते. आता मात्र त्यांना ते हात ओळखीचे वाटले. शिक्र्याच्या फोटोला टाळ्या वाजवणारे तेच.

मग त्यांना दिसलं, एक हात खालीच होता. त्या हातात कोडबळं होतं.

"डॉक्टर," नागरत्नम्मा म्हणाल्या, "अहो, एवढी बाजू मांडलीत आणि हात नाही?"

डॉक्टर अवघडले. "फोटो चांगला आहे, अम्मा. खरंच चांगला आहे. पण प्रदर्शनाचा नाही. अजून नाही. मी दोन दोष सांगितले ना? सरांचा आहे म्हणून ते दुरुस्त झाले का?" मग सरांकडे वळून, जरा खालच्या आवाजात, "थोडं दुखेल, सर."

"हात खाली घ्या सगळ्यांनी," सर म्हणाले. "एका कप कॉफीएवढ्या वेळात पाखरू काही बदललेलं नाही. अम्मा, मी फोटो मागे घेतो."

"तसा नियम नाही."

"मग करा. आणि करताच आहात तर आणखी एक करा. पुढच्या वेळेपासून मला शेवटी बोलू द्या."

नागरत्नम्मांनी विचार केला. "त्यात एक अडचण आहे," त्या म्हणाल्या. "तोपर्यंत तुम्ही न बोलता बसणार कसे? तब्येतीला सोसेल का?"

बैठक संपली तेव्हा ऊन वर आलं होतं. शाळेच्या आवारातल्या पर्जन्यवृक्षाखाली डॉक्टर आपल्या स्कूटरची किल्ली शोधत होते. सर त्यांच्याजवळ गेले, पण काही बोलायच्या आत त्यांचा फोन वाजला. मंड्याचा माणूस. संध्याकाळपर्यंत त्याला धीर धरवला नव्हता.

"नाही हो," सर फोनवर म्हणाले. "अजून काम शिल्लक आहे तिचं." थोडं ऐकून घेतलं. "किती दिवस ते मी कसं सांगू? पाखरांना विचारावं लागेल."

फोन खिशात टाकून ते डॉक्टरांकडे वळले.

"दोनच दोष होते, की आणखी आहेत?"

"बरेच आहेत. सगळ्यांसमोर सांगितले नाहीत."

"सांगा."

"इथे? उन्हात?"

"मी तुमच्या चित्रबलाकांना तपासायच्या खुर्चीत बसवत आलो, तेव्हा ऊन-पाऊस बघितला नाही. सांगा."

डॉक्टरांनी स्कूटर पुन्हा स्टँडवर लावली. सरांनी आपल्या फोनवर तो फोटो उघडला आणि दोघं झाडाभोवतीच्या कट्ट्यावर बसले. सरांना बसायला जरा वेळ लागला. डॉक्टरांनी फोन हातात घेतला, उन्हाकडे पाठ करून धरला, आणि त्या वाळक्या काटकीच्या बुंध्याशी बोट ठेवलं.

"हे बघा, इथे पाण्यात काटकीचं प्रतिबिंब आहे. ते तुम्ही तोडलंय."

"ते मी तोडलं, कारण खाली शेवाळ होतं आणि त्यामुळे—"

"सर."

"काय?"

"माझ्याकडे येणारा प्रत्येक जण तोंड उघडून बसतो. तुम्ही पहिलेच, ज्यांना मी मिटायला सांगतोय."

सरांचं तोंड उघडंच होतं. ते त्यांनी मिटलं, आणि डॉक्टरांचं बोट फोटोवरून जिथे जिथे सरकत गेलं तिथे तिथे बघत राहिले.